पहिला पीएलसी नेमका कुणाचा? आणि 'शिडी' का टिकली?

तारजोड (धागाकर्ता)

पीएलसीचा (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा, प्रोग्राम बदलता येणारा नियंत्रक) इतिहास बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो: १९६८ साली डिक मॉर्लीने पहिला पीएलसी बनवला, चला पुढचा धडा. ही ओळ वाचून मुलांचा समज होतो की कुणीतरी संगणक घेतला, लहान केला आणि पॅनेलमध्ये बसवला. माझं मत उलटं आहे. पीएलसी रिले पॅनेलच्या (रिले म्हणजे विजेच्या कॉइलने उघडझाप होणारे स्विच, तारांनी जोडून मशीनचा क्रम ठरवणारे) पोटातून आला. संगणकवाल्यांनी केलेला प्रयत्न त्याच कारखान्यात, त्याच सुमारास मागे पडला.

संदर्भ थोडक्यात. जनरल मोटर्सचा (जीएम) हायड्रामॅटिक विभाग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायचा, मिशिगनमध्ये इप्सिलँटीजवळ विलो रन इथे. १९६८ मध्ये तिथल्या अभियंत्यांनी रिले पॅनेलला पर्याय हवा म्हणून मागणी काढली. अटी वाचण्यासारख्या आहेत. प्रोग्राम कारखान्यातच बदलता यावा. दुरुस्ती म्हणजे एक कार्ड उपसून दुसरं खोचणं, एवढीच असावी. जागा रिले पॅनेलपेक्षा कमी, भरवसा जास्त, किंमत पॅनेलच्या तोडीस तोड. इनपुट थेट ११५ व्होल्ट एसी. आउटपुट ११५ व्होल्टला किमान २ अँपिअर, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारा) किंवा मोटर स्टार्टरची कॉइल मध्ये काही न घालता ओढता आली पाहिजे. मेमरी किमान ४ हजार शब्दांपर्यंत वाढवता यावी.

रिंगणात तिघे होते: डेक या संगणक कंपनीचा पीडीपी-१४, अ‍ॅन आर्बरच्या इन्फर्मेशन इन्स्ट्रुमेंट्सचा पीडीक्यू-२ आणि मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्सचा, म्हणजे मॉर्लीच्या कंपनीचा, ०८४. (बेडफर्डचं ते ८४ वं काम, म्हणून ०८४.) शेवटी नाव राहिलं ते ०८४ चं.

तर प्रश्न दोन. पहिला कुणाला म्हणायचं? आणि ०८४ टिकला तो लॅडरमुळे (शिडीमुळे, म्हणजे रिलेच्या ड्रॉइंगसारखा पायऱ्यापायऱ्यांनी प्रोग्राम लिहिण्यामुळे), की कारण वेगळंच आहे?

'गूगल करून बघा' म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

---

खिडकीतला_कावळा

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

---

फेरूल_नंबर_४२

रिले पॅनेल म्हणजे काय होतं हे आधी मांडलं पाहिजे, नाहीतर जीएमने एवढा आटापिटा का केला हे नव्या मंडळींना कळणार नाही.

एका ट्रान्सफर मशीनच्या (एकच भाग एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनावर सरकवत घडवणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलमध्ये दोन-तीनशे रिले सहज असायचे. आता हिशेब करा. मशीनचा सायकल २० सेकंदांचा. तासाला १८०, दिवसाला तीन पाळ्या धरून ४,३२०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,९६,०००. सोलेनॉइडसारखा प्रेरक भार तोडणाऱ्या काँटॅक्टचं (रिलेतल्या स्विचच्या टोकांचं) आयुष्य १० लाखांच्या घरात धरलं, तर प्रत्येक सायकलला हलणारा रिले वर्षभरात संपतो. सगळेच रिले दर सायकलला हलत नाहीत आणि सगळ्यांवर भारही नसतो, तरी एवढ्या मोठ्या पॅनेलमध्ये दर आठवड्याला काहीतरी जाणारच.

बदलायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नेमका कुठला गेला हे शोधायला. काँटॅक्टवर काजळी बसली की तो कधी लागतो, कधी नाही. दार उघडून टेस्ट लॅम्प लावेपर्यंत बेटा नीट चालायला लागलेला असतो.

दुसरं दुखणं मॉडेल बदलण्याचं. अमेरिकेत गाड्यांचं मॉडेल वर्षाला बदलायचं. सायकलमध्ये एक स्टेशन वाढलं की वायरिंग उसकटा, नवे रिले बसवा, ड्रॉइंग पुन्हा काढा. बऱ्याचदा जुनं पॅनेल भंगारात घालून नवं करणं स्वस्त पडायचं. जीएमच्या अटींत 'कारखान्यातच बदलता यावा' हे वरच्या क्रमांकावर का, ते यातून समजतं.

---

बूलचा_बैल

> संगणकवाल्यांनी केलेला प्रयत्न मागे पडला

तारजोडराव, पीडीपी-१४ ला इतकं झटकून टाकू नका. तो पीडीपी-८ ची (डेकच्या मिनी-संगणकाची) छोटी आवृत्ती नव्हताच. बेरीज-वजाबाकी त्याला येत नव्हती. इनपुट चालू आहे का बंद ते तपास, त्यानुसार पुढच्या सूचनेवर जा, आउटपुट चालू कर, बंद कर. बारा बिटांच्या सूचना, २५६ पर्यंत इनपुट, २५५ पर्यंत आउटपुट, वेगवेगळ्या पेट्यांमध्ये. कारखान्यासाठीच घडवलेलं यंत्र होतं ते, आणि जीएममध्ये ०८४ च्या आधी बसलं. मग 'पहिला' म्हणायला अडचण कसली?

---

तारजोड

बैलोबा, अडचण मेमरीची. पीडीपी-१४ चा प्रोग्राम विणलेल्या तारांच्या मेमरीत असायचा. तार चुंबकीय गाभ्यातून गेली की बाहेरून, यावर तो बिट १ की ० हे ठरायचं. त्यामुळे प्रोग्राम हरवायची भीती शून्य. वीज जाऊ दे, वेल्डिंगचा झटका बसू दे, तारा जिथल्या तिथे.

पण बदलायचा कसा? आधी बूलियन (आणि-किंवा-नाही अशी) समीकरणं लिहायची, ती पीडीपी-८ वर चालवून तपासायची, मग त्याप्रमाणे मेमरी विणून आणायची. एका लिमिट स्विचची (भाग जागेवर आला की दबणाऱ्या स्विचची) अट वाढवायची तर एवढा द्राविडी प्राणायाम. अटींतली पहिलीच अट इथे मोडते. रिले पॅनेलमध्ये निदान रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन एक जंपर (तात्पुरती तार) मारून सकाळपर्यंत गाडं ढकलू शकायचा.

---

मिलवॉकीकर

तिसऱ्या भिडूबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो.

पीडीक्यू-२ बनवणारी इन्फर्मेशन इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी मिलवॉकीच्या अ‍ॅलन-ब्रॅडलीने विकत घेतली. अ‍ॅलन-ब्रॅडलीचा धंदाच रिले आणि स्टार्टरचा. आपल्या मुळावर येणारी वस्तू आपणच ताब्यात घ्यावी हा शहाणपणाचा विचार. पण पीडीक्यू-२ अवजड, महाग आणि प्रोग्रामिंगला किचकट निघाला. त्यामागून आलेला प्रोग्रामेबल मॅट्रिक्स कंट्रोलरही गिऱ्हाइकांना पटला नाही. मग ओडो स्ट्रुगर आणि अर्न्स्ट डमरमुथ यांनी गिऱ्हाइकांना काय हवं ते ऐकून नवी मांडणी केली. तीच बुलेटिन १७७४ (हा मॉडेलचा क्रमांक), १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. आपण सगळे 'पीएलसी' म्हणतो ते नाव या घराण्याचं, मॉडिकॉनचं (०८४ साठी निघालेल्या कंपनीचं) नव्हे.

म्हणजे रिले बनवणाऱ्या कंपनीलाही दोनदा ठेच लागली, आणि जमलं ते रिलेच्या भाषेत बोलणाऱ्या यंत्रामुळेच. तारजोड यांच्या बाजूला माझं एक मत.

---

शंकासुर

भोळा प्रश्न. तेव्हा मिनी-संगणक होतेच की. पीडीपी-८ घ्यायचा, इनपुट-आउटपुट कार्डं लावायची, झालं. एवढी उठाठेव कशाला?

---

तारजोड

तसं करतच होते, आणि मॉर्ली त्यालाच वैतागला होता. बेडफर्डचं काम मशीन टूल कंपन्यांना मिनी-संगणक जोडून देण्याचं. गिऱ्हाईक बदललं तरी काम तेच, आणि दर वेळी प्रोग्राम पहिल्यापासून लिहायचा. १ जानेवारी १९६८ ला त्याने 'सगळ्यांना एकच चालेल असा कंट्रोलर' या कल्पनेचं टिपण लिहिलं. आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती, असं तो स्वतःच सांगायचा. त्याच वर्षी मॉडिकॉन ही वेगळी कंपनी निघाली. नाव 'मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर'वरून.

०८४ मधल्या निवडी पाहिल्या की संगणकापासूनचं अंतर कळतं. पंखा नाही, कारण पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि शॉपमधल्या (कारखान्याच्या यंत्रशाळेतल्या) हवेत तेलाची वाफ आणि लोखंडाची पूड. खोकं बंद, उष्णता बाहेर टाकायची ती कवचातून. मेमरी चुंबकीय गाभ्यांची, वीज गेली तरी प्रोग्राम शाबूत, बॅटरीची भानगड नाही. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे इशारे) नाहीत. इनपुट-आउटपुट थेट मेमरीच्या जागांशी बांधलेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: साधा प्रोसेसर शिडी सोडवायला फार हळू पडत होता, म्हणून लॉजिक सॉल्व्हर नावाचं वेगळं कार्ड केलं. काँटॅक्ट उघडा की बंद, मालिकेत की समांतर, एवढंच पटापट सोडवायचं. म्हणजे शिडी ही वरून चढवलेली रंगसफेदी नव्हती. हार्डवेअरच शिडीसाठी होतं.

---

कूलंट_आणि_कांदाभजी

लँडिसचा किस्सा कुणीतरी टाकाच.

---

मिलवॉकीकर

टाकतो. लँडिस म्हणजे पेनसिल्व्हेनियातली ग्राइंडिंग मशीन बनवणारी कंपनी. मॉर्लीने सांगितलेली हकिगत अशी, की तिथल्या अभियंत्यांनी मॉडिकॉनच्या यंत्राभोवती वेल्डिंगची केबल गुंडाळली आणि विद्युत गोंगाट करून ते बिघडतं का ते पाहिलं.

चाचणी राक्षसी वाटेल, पण रास्त आहे. वेल्डिंग केबलमधून शेकडो अँपिअर चालू-बंद होतात, आणि शॉपमध्ये ती केबल पॅनेलला टेकूनच पडलेली असते. रिले अशा वेळी ढिम्म राहतो, कारण कॉइल ओढायला काही वॅट लागतात. ट्रान्झिस्टरच्या सर्किटला त्याच्या हजाराव्या भागाएवढी ऊर्जाही पुरते. तेव्हाच्या इलेक्ट्रिशियनांचा 'ही इलेक्ट्रॉनिक खेळणी आपल्याकडे टिकत नाहीत' हा अविश्वास हवेतला नव्हता.

---

बूलचा_बैल

मग कारण शिडी कुठे राहिलं? खोकं आणि मेमरी जिंकली असं म्हणा. बंद खोकं आणि कारखान्यात बदलता येणारी मेमरी पीडीपी-१४ ला दिली असती, तर बूलियन समीकरणांनीही काम भागलं असतं. Y = (अ + ब)·क̄ म्हणजे 'अ किंवा ब, आणि क नाही', यात अवघड काय आहे?

---

फेरूल_नंबर_४२

बैलोबा, लिहिणं अवघड नाहीच. अवघड आहे ते बंद पडलेल्या मशीनसमोर उभं राहून वाचणं.

रिलेचं ड्रॉइंग कसं असायचं आठवा. डावीकडे ओळीचा क्रमांक, मध्ये काँटॅक्ट, उजवीकडे कॉइल, आणि कॉइलच्या पलीकडे समासात आकडे: या रिलेचे काँटॅक्ट कुठल्या कुठल्या ओळीत आहेत. आकड्याखाली रेघ असली तर तो नॉर्मली क्लोज (एरवी जोडलेला, वीज वाहू देणारा; नॉर्मली ओपन याच्या उलट). फॉल्ट शोधण्याची रीत ठरलेली. जो सोलेनॉइड ओढत नाही त्याच्या ओळीवर जा, उजवीकडून डावीकडे एकेक काँटॅक्ट तपास, जो उघडा सापडेल त्याच्या कॉइलच्या ओळीवर उडी मार, पुन्हा तेच.

शिडी पडद्यावर आली तेव्हा ही रीत जशीच्या तशी राहिली, उलट सोपी झाली, कारण वाहता काँटॅक्ट ठळक दिसायला लागला. टेस्ट लॅम्पची जागा पडद्याने घेतली. समीकरणात कुठली संज्ञा अडली आहे हे असं दिसत नाही.

आणि डेकने पुढे काय केलं? इंडस्ट्रियल-१४ च्या (पीडीपी-१४ च्या पुढच्या यंत्राच्या) जोडीला व्हीटी-१४ टर्मिनल दिलं, शिडी दाखवणारं. घरचाच साक्षीदार फितूर.

---

बूलचा_बैल

फितूर साक्षीदार मान्य. पण शिडीची किंमत आपण अजून मोजतोय, त्यावर नंतर येतो.

---

सोलापूर_स्टार_डेल्टा

जुन्या रिले ड्रॉइंगवरून आजही पीएलसीचा प्रोग्राम करायची वेळ येते. 'शिडी जशीच्या तशी उतरवा, चालतं' असं सांगतात आणि चालत नाही. नेमकं कुठे अडतं ते जाणकारांनी लिहा ना. इतिहासाइतकाच कामाचा मुद्दा आहे.

---

फेरूल_नंबर_४२

ताई, चार ठिकाणी हमखास.

पहिलं, उलटा प्रवाह. तारेत वीज दोन्हीकडे वाहते, पीएलसीच्या शिडीत फक्त डावीकडून उजवीकडे. समजा वरच्या ओळीत अ आणि ब मालिकेत, खालच्या ओळीत क आणि ड मालिकेत, दोन्ही एकाच कॉइलला. आणि मधोमध, अ-ब च्या सांध्यापासून क-ड च्या सांध्यापर्यंत, उभा काँटॅक्ट इ. रिलेमध्ये चार वाटा होतात: अ-ब, क-ड, अ-इ-ड आणि क-इ-ब. पीएलसीत उभा काँटॅक्ट टाकताच येत नाही. म्हणून चारही वाटा चार समांतर फांद्या करून लिहायच्या. मात्र आधी पाहायचं की चौथी वाट मूळ माणसाला हवी होती का. पुष्कळदा ती चोरवाट असते, कुणाच्या लक्षात न आलेली, आणि मशीन मात्र तिच्यावरच चालत असतं.

दुसरं, क्रम. रिले सगळे एकाच वेळी जागे असतात. पीएलसी इनपुट वाचतो, वरून खाली ओळी सोडवतो, शेवटी आउटपुट टाकतो. पाचव्या ओळीत ठरणारी गोष्ट तिसऱ्या ओळीत वापरली तर ती एक स्कॅन (वाचणं-सोडवणं-टाकणं ही एक फेरी) उशिरा पोचते. एरवी फरक पडत नाही. एका स्कॅनपुरती पल्स बनवत असाल तर मात्र पडतो.

तिसरं, रिलेचा आळस. रिले ओढायला-सोडायला १० ते २० मिलिसेकंद घेतो, आणि जुन्या सर्किटांत तो उशीर गृहीत धरलेला असतो. काही रिलेंमध्ये तर आधी लागणारे आणि उशिरा सुटणारे काँटॅक्ट मुद्दाम वापरलेले असतात. ड्रॉइंगमध्ये त्याची बारीक खूण असते, ती सुटली की गेलं. तिथे प्रोग्राममध्ये टायमर घालावा लागतो.

चौथं, एकच कॉइल दोनदा. दोन ओळींत एकच आउटपुट लिहिला तर खालची ओळ जिंकते. वरची ओळ पडद्यावर वाहताना दिसते आणि आउटपुट मेलेला. नवशिक्यांचे तास यात जातात.

---

शंकासुर

आणि स्टॉप बटण? ते ड्रॉइंगमध्ये नॉर्मली क्लोज, तसंच उतरवलं की मोटर सुरूच होत नाही.

---

सोलापूर_स्टार_डेल्टा

याचं उत्तर मी देते, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

स्टॉप बटणाची तार नॉर्मली क्लोजच ठेवायची. बटण दाबलेलं नसताना इनपुटवर व्होल्टेज येतं, मेमरीत बिट १. म्हणून प्रोग्राममध्ये काँटॅक्ट नॉर्मली ओपन चिन्हाचा टाकायचा, म्हणजे 'बिट १ असेल तर वाट मोकळी'. दाबलं की बिट ०, वाट बंद. ड्रॉइंग बघून तिथे क्लोज चिन्ह टाकलं की उलटं होतं.

काही जण यावर 'सोपा उपाय' म्हणून बटणच नॉर्मली ओपन लावतात. तसं अजिबात करू नका. तार तुटली किंवा टर्मिनल सैल झालं तर बटण दाबून मोटर थांबणार नाही, आणि हे कळणार ते थांबवायची गरज पडेल तेव्हाच.

इमर्जन्सी स्टॉप तर प्रोग्रामच्या भरवशावर सोडायचाच नाही. साध्या पीएलसीच्या बाबतीत तो मास्टर रिलेतून आउटपुटचा पुरवठाच तोडणारा हवा. पीएलसीला फक्त खबर म्हणून एक इनपुट द्या.

---

मिलवॉकीकर

+१. याच्याच भावकीतला ओव्हरलोडचा मुद्दा.

थर्मल ओव्हरलोडचा (मोटरवर जास्त भार आला की उडणाऱ्या संरक्षकाचा) क्लोज काँटॅक्ट काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलच्या मालिकेत असतो. पीएलसीत होल्डिंग (स्टार्ट बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी वाट) कुणी आउटपुटच्याच बिटवर घेतलं, तर ओव्हरलोड उडाल्यावर कॉइल सुटते, पण पीएलसीच्या लेखी आउटपुट चालूच. फिटरने जाऊन ओव्हरलोडचं बटण दाबलं की मोटर आपोआप फिरायला लागते, आणि त्याचा हात तिथेच असतो. उपाय: होल्डिंग काँटॅक्टरच्या ऑक्झिलरी काँटॅक्टवरून घ्या, त्यासाठी एक इनपुट खर्च होऊ दे. रिले पॅनेलमध्ये होल्डिंग आपोआपच तसं असायचं. एक इनपुट वाचवण्याच्या नादात ते गेलं.

---

कूलंट_आणि_कांदाभजी

आउटपुट बंद, कार्डावरचा दिवा बंद, तरी छोटा रिले चिकटलेलाच. हे भूत कुणी पाहिलंय? ट्रायाक (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आउटपुट, २३० व्होल्ट.

---

फेरूल_नंबर_४२

भूत नाही, गळती आहे. ट्रायाक बंद असतानाही त्याच्या समांतर असलेल्या स्नबरमधून (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या सर्किटमधून) एक-दोन मिलिअँपिअर वाहतात. मोठ्या काँटॅक्टरला त्याचं काही नाही. छोटा रिले एकदा ओढलेला असला की तेवढ्यावर चिकटून राहू शकतो, आणि निऑन दिवा तर मंद जळतोच.

कॉइलच्या समांतर १० किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. आउटपुट चालू असताना त्यातून २३ मिलिअँपिअर जातील, म्हणजे सव्वापाच वॅटच्या आसपास उष्णता. म्हणून १० वॅटचा घ्या, २० चा असेल तर उत्तम, आणि पीव्हीसी डक्टला चिकटवून लावू नका. बंद असताना २ मिलिअँपिअर गळती रेझिस्टरमधून गेली तर कॉइलवर २० व्होल्टच राहतात, रिले सुटतो.

---

काजूफेणी

बार्देशातून प्रश्न. एका जुन्या बॉटलिंग लाइनवर सिमॅटिक एस-५ (सीमेन्सचा जुना पीएलसी) आहे. लॅपटॉप जोडायला कुठली केबल लागते? १५ पिनांचा सॉकेट दिसतो, साधी सिरियल केबल चालेल का?

---

बूलचा_बैल

साधी जोडू नका. त्या १५ पिनांवर २० मिलिअँपिअरचा करंट लूप असतो, आरएस-२३२ चे व्होल्टेज नव्हेत. मध्ये रूपांतर करणारी केबल लागते, ती तयार मिळते. जोडल्यावर पहिलं काम प्रोग्राम उतरवून घेणं. दुसरं, बॅटरी कधी बदलली होती ते पाहणं. बॅटरी पुरवठा चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली आणि ईप्रॉम मॉड्यूल (वीज नसतानाही प्रोग्राम राखणारी चिप) लावलेलं नसलं तर प्रोग्राम गेला.

ईप्रॉम असेल तर काचेच्या खिडकीवरची पट्टी काढून 'आत काय आहे' बघू नका, अतिनील उजेडाने प्रोग्राम पुसला जातो.

---

संपादक_मंडळ

एस-५ साठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे मूळ विषय सुरू राहू दे.

---

काजूफेणी

देव बरें करूं. वेगळा काढतो.

---

खिडकीतला_कावळा

चहा संपला, धागा संपेना. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

बूलचा_बैल

आता राहिलेलं भांडण पुरं करतो. शिडी टिकली, मान्य. पण जे काम शिडीचं नाही तेही तिच्यावर लादलं गेलं. ट्रान्सफर मशीनचं काम टप्प्याटप्प्याचं असतं: क्लँप, पुढे, ड्रिल, मागे, सोड. शिडीत हे लिहायचं तर प्रत्येक टप्प्याला एक लॅच (एकदा लागला की तसाच राहणारा बिट) आणि त्याला रीसेट करणारी ओळ. बारा टप्पे झाले की 'मशीन आत्ता नक्की कुठे आहे' हे शोधायला चाळीस ओळी चाळा. फ्रेंचांनी १९७० च्या दशकातच यावर ग्राफसेट काढलं: टप्पा, अट, पुढचा टप्पा. तेच पुढे १९९३ च्या आयईसी ११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकात अनुक्रम-आलेख म्हणून आलं, शिडी, ब्लॉक, संरचित मजकूर आणि सूचना-यादी यांच्या पंगतीत. जीएमची गरज १९६८ ची होती. तिच्यासाठी केलेली सोय पुढे पंचवीस वर्षं बहुतेकांनी धर्म म्हणून पाळली.

---

तारजोड

टप्प्यांच्या बाबतीत वाद नाही. पण ड्रिलचा टप्पा अडला म्हणजे 'चक बंद झाल्याचा स्विच आला नाही' की 'तेलाचा दाब नाही' हे शोधताना त्या टप्प्याच्या अटी पुन्हा शिडीतच लिहिलेल्या बऱ्या पडतात. अनुक्रम वरती, अटी शिडीत, अशी सरमिसळ आज सर्रास चालते आणि ती योग्यच आहे.

---

शंकासुर

सगळं झालं, मूळ प्रश्न तसाच. परीक्षेत आला तर काय लिहू? पहिला कुणाचा?

---

मिलवॉकीकर

असं लिही. जीएमच्या मागणीवर तिथे आधी बसलेला, पण प्रोग्राम विणून आणावा लागणारा: डेकचा पीडीपी-१४, १९६९. शिडीत लिहिता येणारा, जागेवर बदलता येणारा आणि शॉपमध्ये उघड्यावर टिकणारा पहिला: मॉडिकॉन ०८४, तोही १९६९ चाच. 'पीएलसी' नावाने विकला गेलेला: अ‍ॅलन-ब्रॅडलीचा १७७४. तपासणाऱ्याला एकच नाव हवं असेल तर ०८४ लिहून मोकळा हो.

आणि एक जोड. धंदा म्हणून ०८४ फार खपला नाही. मॉडिकॉनला खरे पाय फुटले ते १९७३ च्या १८४ या मॉडेलमुळे, मायकेल ग्रीनबर्गच्या रचनेमुळे. ते नाव कुठल्याच एका ओळीत येत नाही.

---

तारजोड

ग्रीनबर्ग राहिलाच होता, बरं झालं. ०८४ च्या टिकाऊपणाबद्दल एक नोंद माझ्याकडून: जीएममधलं सुरुवातीचं एक ०८४ वीसेक वर्षं चाललं आणि मग मॉडिकॉनला परत भेट दिलं गेलं. बंद खोकं आणि बिनपंख्याची रचना कशाला, त्याचा हिशेब यात आला.

सोलापूर ताई, तुमचं ते जुनं ड्रॉइंग इथे टाकता आलं तर टाका, उभा काँटॅक्ट कुठे आहे ते बघू.

---

सोलापूर_स्टार_डेल्टा

टाकते. दोन उभे काँटॅक्ट आहेत, १४ आणि १५ नंबरच्या ओळींमध्ये एक, २२ आणि २३ मध्ये दुसरा. दुसऱ्याची चौथी वाट चोरवाटच दिसतेय, कारण तिच्यातून क्लँप सुटलेला असताना स्पिंडल फिरू शकतो.

---

फेरूल_नंबर_४२

मग ती वाट प्रोग्राममध्ये घेऊ नका. त्या ओळीत क्लँपच्या प्रेशर स्विचचा काँटॅक्ट मालिकेत टाका, आणि मशीन चालवण्याआधी सगळे सोलेनॉइड फ्यूज काढून नुसते आउटपुटचे दिवे बघत एक पूर्ण सायकल हाताने करून पाहा. लिमिट स्विच एकेक दाबत.